अमेरिकेतल्या काउंटीकडून कागद मिळवायचे आहेत: कुणाकडे, कसे, किती पैशांत

शाईचा_डाग (धागाकर्ता)

जन्म-मृत्यूचे दाखले, घराचा डीड (मालकी हस्तांतराचा दस्त), लग्नाची नोंद, घटस्फोटाचा निकाल, शेजारच्या प्लॉटवर कसल्या बांधकामाला परवानगी दिली आहे ते. अमेरिकेत राहणाऱ्याला, किंवा पुण्यात बसून तिथल्या नातेवाइकाचं काही निस्तरणाऱ्याला, यातला एखादा कागद कधी ना कधी लागतोच. दर वेळी तोच प्रश्न नव्या धाग्यावर येतो, म्हणून एकत्र लिहितो आहे. आपापल्या राज्याचं ठाऊक असेल त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे कान धरावा.

निम्मे लोक सुरुवातीलाच अडकतात, कारण ते विचारतात "हा कागद कुठे मिळेल?" विचारायला हवं ते असं: हा कागद तयार कोणी केला, आणि आज सांभाळतंय कोण? काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी एक इमारत आणि वर एक कलेक्टर असं नसतं. रेकॉर्डर, असेसर, ट्रेझरर, शेरिफ, कोर्टाचा क्लार्क हे बहुतेक ठिकाणी स्वतंत्र निवडून आलेले अधिकारी. एकाच्या खिडकीवर दुसऱ्याचा कागद मिळत नाही, आणि तो कुठे मिळेल हे तो सांगेलच असंही नाही.

ढोबळ वाटणी अशी. घर-जमिनीचे नोंदवलेले दस्त रेकॉर्डर किंवा रजिस्टर ऑफ डीड्सकडे. कराची आकारणी असेसरकडे, कर भरल्याची पावती ट्रेझररकडे. खटले कोर्टाच्या क्लार्ककडे. शवविच्छेदन अहवाल कॉरोनर (मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी) किंवा मेडिकल एक्झामिनरकडे. विहीर आणि सेप्टिक टँकच्या परवान्याची फाइल बहुधा आरोग्य विभागात. बांधकामाची परवानगी घर शहराच्या हद्दीत असेल तर शहराकडे, हद्दीबाहेर असेल तर काउंटीकडे.

पदांची नावं मात्र राज्यागणिक बदलतात. जॉर्जियात डीड सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे आणि लग्नाची नोंद प्रोबेट (मृत्युपत्र-वारशाच्या) कोर्टात. नॉर्थ कॅरोलायनात (केरी, मॉरिसव्हिलवाल्यांनी वेक काउंटी पाहावी) जन्म, मृत्यू, लग्न आणि डीड हे सगळं एकाच रजिस्टर ऑफ डीड्सकडे, सुखी राज्य. टेक्सासात काउंटी क्लार्क वेगळा आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क वेगळा: डीड आणि लग्न पहिल्याकडे, घटस्फोट दुसऱ्याकडे. पेनसिल्व्हेनियात दिवाणी कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्याला प्रोथोनोटरी म्हणतात. हा शब्द ऐकून फोन ठेवू नका, तुम्हाला हवा तोच माणूस आहे.

दुसरी पायरी: काउंटी नक्की कुठली? पत्त्यातल्या शहराच्या नावावर जाऊ नका, ते टपालखात्याच्या सोयीचं असतं. फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलं आहे, नेपरव्हिल ड्युपेज आणि विल या दोन्हींत, अटलांटा फुल्टन आणि डीकाल्बमध्ये. सेन्सस ब्यूरोचं जिओकोडर फुकट आहे. त्यात पूर्ण पत्ता टाकला की काउंटी कळते. घराच्या करपावतीवर तर ती छापलेलीच असते.

तिसरी गोष्ट, आणि इथे वेळ सगळ्यात जास्त वाया जातो: प्रत्येक कागदासाठी "पब्लिक रेकॉर्ड्स रिक्वेस्ट", म्हणजे माहिती-अर्ज, करायची नसते. डीड, दाखले, निकाल यांची खिडकी ठरलेली, फी ठरलेली. पैसे भरा, नक्कल घ्या. रिक्वेस्ट लागते ती खिडकी नसलेल्या कागदांना: कंत्राटं, ईमेल, तपासणी अहवाल, नियमभंगाच्या नोटिसा, कर्मचाऱ्यांचे पगार. डीडसाठी माहिती-अर्ज टाकला की तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी "रेकॉर्डरकडे जा" एवढंच सांगून बंद होतो.

झुणका_इन_जर्सी

उत्तम धागा. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कची भर.

जर्सीत डीड सर्वसाधारणपणे काउंटी क्लार्ककडे. एडिसनवाल्यांसाठी मिडलसेक्स काउंटीचा क्लार्क, न्यू ब्रन्सविकला. पण हडसन आणि एसेक्स या काउंट्यांत रजिस्टरचं वेगळं कार्यालय आहे, म्हणजे जर्सी सिटीच्या घराचा डीड हडसनच्या रजिस्टरकडे. जन्म आणि लग्नाच्या नोंदी काउंटीकडे नसतातच. त्या ज्या गावात जन्म झाला (म्हणजे हॉस्पिटल ज्या गावात आहे, तुमचं घर नव्हे) तिथल्या रजिस्ट्रारकडे आणि ट्रेन्टनला राज्याकडे.

न्यूयॉर्क शहराचं गणित आणखी वेगळं. मॅनहॅटन म्हणजे न्यूयॉर्क काउंटी, ब्रुकलिन म्हणजे किंग्ज, स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड. जन्म-मृत्यूचे दाखले शहराच्या आरोग्य विभागाकडे, लग्नाचे सिटी क्लार्ककडे. डीडसाठी अॅक्रिस नावाची शहराची साइट: चार बरोंचे (शहराच्या विभागांचे) १९६६ पासूनचे दस्त, प्रतिमेसकट, फुकट. स्टेटन आयलंड त्यात नाही; तिथे रिचमंड काउंटीचा क्लार्क.

घटस्फोटाची फाइल न्यूयॉर्क राज्यात शंभर वर्षं बंद असते. दोघांपैकी एक, त्यांचा वकील, नाहीतर कोर्टाचा हुकूम. भाऊ, वडील कोणीही गेले तरी क्लार्क देत नाही. रुसून उपयोग नाही.

पावशेर

काही राज्यांत काउंटी नकाशावरच उरली आहे. कनेटिकटने १९६० साली काउंटी सरकारं मोडीत काढली. तिथे जमिनीच्या नोंदी १६९ टाउनच्या क्लार्कांकडे. ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटलाही टाउन क्लार्कच गाठायचा. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. आणि व्हर्जिनियात ३८ स्वतंत्र शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत. मात्र फेअरफॅक्स सिटी काउंटीपासून वेगळी असूनही तिचे जमिनीचे दस्त फेअरफॅक्स काउंटीच्या सर्किट कोर्टातच नोंदतात. म्हणजे नियम, अपवाद आणि अपवादाला अपवाद, सगळं एकाच गावात.

कुंपणापलीकडे

घराच्या कागदांबद्दल थोडं सविस्तर विचारतो. असेसरच्या साइटवर मालक म्हणून नाव दिसतं. तो मालकीचा पुरावा धरायचा का? आपल्या सातबाऱ्यासारखं?

शाईचा_डाग

नाही. असेसरची यादी करासाठी असते. डीड नोंदल्यानंतर ती उशिराने बदलते, आणि त्यात कर्ज, लिएन (थकलेल्या देण्यापोटी घरावर चढलेला बोजा), कोर्टाची अटकाव-नोंद यातलं काही दिसत नाही. (सातबाराही महसुली नोंदच आहे म्हणा, मालकीहक्काचा निर्विवाद पुरावा नव्हे, पण तो वेगळा धागा.) असेसरकडून एकच गोष्ट उचलायची: पार्सल क्रमांक, म्हणजे भूखंडाचा क्रमांक. कॅलिफोर्नियात त्याला एपीएन म्हणतात आणि तो पुस्तक-पान-भूखंड अशा तुकड्यांत असतो. पत्ते बदलतात, रस्त्यांची नावं बदलतात. पार्सल क्रमांक प्लॉट फुटेपर्यंत किंवा जोडला जाईपर्यंत तोच राहतो.

मग रेकॉर्डरच्या सूचीत जायचं. सूची माणसांच्या नावांवर चालते: ग्रँटर म्हणजे देणारा, ग्रँटी म्हणजे घेणारा. आपल्या नोंदणी कार्यालयातली सूची क्रमांक २ पाहिली असेल तर अंदाज येईल. मेख अशी, की गहाणखतात कर्ज घेणारा हा ग्रँटर असतो. घरावरची कर्जं शोधताना मालकाचं नाव ग्रँटरच्या रकान्यात टाका. नवखे लोक ग्रँटीत शोधतात, एकच डीड सापडतो आणि "घरावर बोजा नाही" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

साखळी अशी जुळवा: आजच्या मालकाला ग्रँटी धरून डीड काढा, त्यातल्या ग्रँटरला पुन्हा ग्रँटी धरून मागचा डीड काढा, असं मागे जात राहा. मग प्रत्येक मालकाला त्याच्या काळापुरता ग्रँटर धरून पुढे या: गहाणखत, कर्जफेडीची नोंद, मेकॅनिक्स लिएन (कंत्राटदाराच्या थकलेल्या बिलाचा बोजा), लिस पेंडन्स म्हणजे खटला चालू असल्याची नोटीस. गहाणखत दिसतं आणि फेडीची नोंद नाही, असं झालं तर ते कर्ज कागदावर अजून जिवंत आहे. बँकेने ती नोंद पाठवायची राहून जाणं हा अगदी नेहमीचा घोळ.

आणि तारखा. सूची नोंदणीच्या तारखेवर लागते, सहीच्या नव्हे. मार्च अखेरीस सही झालेला डीड एप्रिलमध्ये सापडतो. शोधाची खिडकी पुढे दोन-तीन महिने ठेवा.

सापडलेल्या दस्ताचं पहिलं पान नीट बघा. वरच्या उजव्या कोपऱ्यात शिक्का: दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख, बहुतेकदा मिनिटापर्यंत वेळ, पानांची संख्या, घेतलेली फी. डावीकडे "नोंदणीनंतर यांना परत पाठवा" म्हणून एक पत्ता, बऱ्याचदा टायटल कंपनीचा (खरेदीत मालकीहक्क तपासणारी कंपनी). खाली मिळकतीचं कायदेशीर वर्णन: लॉट, ट्रॅक्ट, नकाशाचं पुस्तक, पान. नक्कल मागताना नुसता पत्ता लिहू नका. दस्त क्रमांक आणि वर्ष लिहा. फ्लोरिडासारख्या ठिकाणी पुस्तक आणि पान क्रमांक. ज्या काउंटीत शोधायचे पैसे वेगळे लावतात तिथे ते वाचतात.

अर्धविराम

नावांबद्दल. मराठी नावं अमेरिकी सूचीत शोधणं ही वेगळीच कसरत आहे. तपासायच्या गोष्टी:

मधलं नाव कधी मधल्या रकान्यात, कधी पहिल्या नावाला चिकटून, कधी आडनावाच्या पुढे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला असेल तर अख्खं नाव आडनाव म्हणून चढतं, आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू येतं, म्हणजे "पहिलं नाव अज्ञात". ही तीन अक्षरं टाकून शोधून बघाच. वाघ, वाडेकर, वैद्य यांना डब्ल्यू आणि व्ही दोन्ही. क्षीरसागरला एस-एच आहे-नाही दोन्ही. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव. ट्रस्ट केला असेल तर घर व्यक्तीच्या नव्हे, ट्रस्टच्या नावावर दिसतं.

बहुतेक साइटवर पहिली चार अक्षरं टाकून पुढे काहीही चालेल असा शोध घेता येतो. चार अक्षरांनी जे सापडतं ते पूर्ण नाव टाकून निसटतं.

टोपलीभर_प्रश्न

कॅलिफोर्नियात रेकॉर्डरच्या साइटवर फक्त सूची दिसते, दस्ताचं पान उघडतच नाही. माझ्या ब्राउझरचा दोष की काय?

कुंपणापलीकडे

ब्राउझर बिचारा निर्दोष आहे. तिथल्या बऱ्याच काउंट्या प्रतिमा जाहीर साइटवर ठेवतच नाहीत. सूचीतून दस्त क्रमांक काढायचा आणि नक्कल टपालाने, ऑनलाइन किंवा खिडकीवर मागवायची. कार्यालयातल्या संगणकावर पानं बघता येतात. उलट सिएटलच्या किंग काउंटीत अलीकडच्या दशकांतले दस्त घरबसल्या उघडतात. जॉर्जियात सगळ्या काउंट्यांची सूची एकाच ठिकाणी आहे, सुपीरियर कोर्ट क्लार्कांच्या सहकारी प्राधिकरणाच्या साइटवर. शिकागोच्या कुक काउंटीत रेकॉर्डर ऑफ डीड्स हे पदच २०२० अखेर काउंटी क्लार्कमध्ये विलीन झालं. जुने दुवे त्यामुळे मेले आहेत.

एक सावधगिरी. घर घेतल्यावर काही आठवड्यांत सरकारी दिसणारं पत्र येतं: "तुमच्या डीडची प्रमाणित नक्कल घ्या", शंभर डॉलरच्या आसपास, शेवटची तारीखही घातलेली. ते काउंटीचं नसतं. खाली बारीक अक्षरात "आम्ही सरकारी संस्था नाही" असं लिहिलेलं असतं. तीच नक्कल रेकॉर्डरकडे काही डॉलरला मिळते, आणि मूळ डीड तर नोंदणीनंतर तुम्हाला टपालाने येणारच असतो.

सुपारी_अडकित्ता

दाखल्यांचं कोणी लिहिलं नाही अजून. जन्मदाखल्याचे दोन प्रकार: छोटा म्हणजे गोषवारा, आणि लांब म्हणजे मूळ नोंदीची पूर्ण नक्कल. छोट्यावर आई-वडिलांची नावं असतीलच असं नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) आणि अमेरिकी पासपोर्ट दोन्हीला ती लागतात. मागवताना लांब प्रकाराचीच खूण करा. दहा मिनिटांचा आळस दीड महिना खातो.

कॅलिफोर्नियात आणखी एक दुभागणी: अधिकृत प्रत आणि माहितीपुरती प्रत. माहितीपुरती कोणालाही मिळते, पण तिच्यावर "ओळख सिद्ध करण्यासाठी वैध नाही" असा आडवा शिक्का असतो. तो कागद कुठेच चालत नाही. अधिकृत प्रत आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, भावंडं, जोडीदार, वकील अशा यादीतल्यांनाच. टपालाने मागवली तर शपथपत्र नोटरीसमोर सही करून जोडावं लागतं. पैसे आणि अर्ज पाठवले, शपथपत्र नोटरी केलं नाही, तर सगळा गठ्ठा परत येतो.

लग्नाच्या बाबतीत कॅलिफोर्नियात "सार्वजनिक" आणि "गोपनीय" असे दोन परवाने असतात. गोपनीय परवान्याची नक्कल जिथून परवाना काढला त्याच काउंटीच्या क्लार्ककडे, आणि फक्त नवरा-बायकोला. राज्याकडे अर्ज करून काही मिळत नाही. टेक्सासातही राज्याचं खातं लग्न आणि घटस्फोटाचं नुसतं पडताळणीपत्र देतं, प्रमाणित नक्कल काउंटीतूनच.

मृत्यूदाखल्यावर कारणाच्या जागी "प्रलंबित" लिहिलं असेल तर कॉरोनरचा अहवाल यायचा आहे. विम्यासाठी तो चालत नाही, सुधारित दाखला नंतर परत मागवावा लागतो. म्हणून पहिल्या वेळी दहा प्रती घेऊन ठेवू नका, दोन घ्या. फ्लोरिडात मृत्यूचं कारण न दाखवणारा दाखला कोणालाही, कारण असलेला ५० वर्षांपर्यंत फक्त जवळच्यांना.

टोपलीभर_प्रश्न

आणि अर्ज भारतातून करायचा असेल तर? नोटरी कुठून आणायची? तळेगावच्या नोटरीचा शिक्का चालेल?

सुपारी_अडकित्ता

अर्जाच्या सूचना वाचा. अनेक काउंट्या अमेरिकी नोटरीच धरतात. तसं असेल तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन नोटरी करता येते, एका शिक्क्याला ५० डॉलर. काही ठिकाणी व्हिडिओवरची ऑनलाइन नोटरी स्वीकारतात. आधी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. तिथे राहणारा भाऊ किंवा मुलगी अधिकृत यादीत बसत असेल तर त्यांनाच अर्ज करू द्या, सगळ्यात स्वस्त.

व्हायटलचेकसारख्या मध्यस्थ साइटवरून पटकन होतं, पण त्यांची फी आणि कुरिअर वर चढतं. काउंटीने स्वतः त्यांचा दुवा दिला असेल तरच जा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या "जन्मदाखला २४ तासांत" साइट नुसता फॉर्म भरून द्यायचे पैसे घेतात.

झुणका_इन_जर्सी

दाखला भारतात वापरायचा असेल तर अपोस्टिलची, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लावलेल्या सरकारी प्रमाणपत्राची, वाट धरा. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे भारतीय वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. गावी वारसनोंद, सोसायटीतला हिस्सा, बँकेतल्या ठेवी, सगळीकडे अमेरिकेतला मृत्यूदाखला सहसा अपोस्टिलसकटच मागतात.

क्रम: प्रमाणित नक्कल, मग त्याच राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याचा अधिकारी, परराष्ट्रमंत्री नव्हे). टेक्सासच्या दाखल्याला कॅलिफोर्निया अपोस्टिल देत नाही, तुम्ही आज तिथे राहत असलात तरी. संघराज्याचे कागद, उदाहरणार्थ एफबीआयचा अहवाल, वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे.

अडतं कुठे? सहीत. सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे काही अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने असतात; दाखल्यावर त्यांच्यापैकी कोणाची सही नसेल तर कागद परत. कॅलिफोर्नियात दाखल्यावर स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याची सही असेल तर आधी काउंटी क्लार्कचं प्रमाणन घ्यावं लागतं; थेट रेकॉर्डरकडून घेतलेली नक्कल बरी. न्यूयॉर्क शहराचा जन्मदाखला तर तीन पायऱ्यांचा: दाखल्यासोबत "लेटर ऑफ एक्झेम्प्लिफिकेशन" (दाखला खरा असल्याचं पत्र) मागवा, मग न्यूयॉर्क काउंटीच्या क्लार्ककडे ३ डॉलरचं प्रमाणन, मग राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडे १० डॉलरचं अपोस्टिल. पत्र मागवायचं राहिलं की पहिल्यापासून सुरू.

आणि दाखल्याला प्लास्टिकचं आवरण चढवू नका हो. उठावाचा शिक्का बोटाला लागला पाहिजे. लॅमिनेट केलेला दाखला अपोस्टिलला परत येतो.

पावशेर

अवांतर, पण "नोंद जिथे घटना घडली तिथे" हे लक्षात राहायला बरं. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या दफनभूमीत आहेत, म्हणजे डचेस काउंटीत. तिथे त्यांचा मृत्यूदाखला शोधणारे हौशी संशोधक भेटतात. मृत्यू फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात झाला. डचेसमध्ये दाखला असायचं कारणच नाही. कुठल्या प्लॉटमध्ये कोण, याची वही दफनभूमीच्या कार्यालयात असते, काउंटीत नव्हे. आणि १८८६ ची पदवी फिलाडेल्फियाची, तो कागद कॉलेजच्या दप्तरातला. एका माणसाचे तीन कागद, आणि काउंटीचा संबंध एकाशीही नाही.

अर्धविराम

कोर्टाच्या कागदांवर थोडक्यात. माहितीचे कायदे बहुतेक राज्यांत न्यायालयीन फायलींना लागू नाहीत. कोर्टांचे स्वतःचे नियम. खटला क्रमांक हवा. नसेल तर पक्षकाराचं नाव आणि साधारण वर्ष. दिवाळखोरीचे अर्ज काउंटीत कधीच नसतात, ते संघराज्याच्या कोर्टात: पेसर ही साइट, पानाला १० सेंट, एका कागदाला कमाल ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत असाल तर माफ.

मृत्युपत्राच्या फायली मृताचं कायम राहणं जिथे होतं त्या काउंटीत. न्यूयॉर्कमध्ये सरोगेट्स कोर्ट, जर्सीत सरोगेट, पेनसिल्व्हेनियात रजिस्टर ऑफ विल्स, कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्ट. (सरोगेट या शब्दावर विनोद करून झाले आहेत, कृपया नको.) भारतात सादर करायचं असेल तर साधी प्रमाणित नक्कल न घेता "एक्झेम्प्लिफाइड" प्रत मागा. तिच्यावर क्लार्क आणि न्यायाधीश दोघांच्याही सह्या असतात. आपल्या वारसा कायद्याच्या कलम २२८ खाली परदेशी कोर्टात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची प्रमाणित प्रत लागते, तेव्हा हीच उपयोगी पडते.

कुंपणापलीकडे

आता खऱ्या माहिती-अर्जाबद्दल कोणीतरी लिहा. शेजारच्या प्लॉटवरच्या तक्रारी, तपासणी अहवाल वगैरे. संघराज्याचा माहितीचा कायदा, फोया, लावायचा ना?

शाईचा_डाग

नाही, हीच सगळ्यात जुनी चूक. १९६६ चा फोया फक्त संघराज्याच्या खात्यांना. काउंटीला राज्याचा कायदा. अर्जात चुकीचा कायदा लिहिला म्हणून कोणी फेकून देत नाही, पण मुदत आणि अपिलाचा रस्ता राज्याच्या कायद्यातून येतो, तेव्हा तोच लिहा.

मुदती लक्षात ठेवायच्या त्या अशा. कॅलिफोर्निया: १० दिवस, कारण देऊन आणखी १४. पण हे १० दिवस "देणार की नाही" हे कळवायचे आहेत, कागद हातात द्यायचे नव्हेत. सगळे इथेच फसतात. टेक्सास: १० कामाचे दिवस, आणि नाकारायचं असेल तर त्याच मुदतीत काउंटीने अॅटर्नी जनरलकडे निर्णय मागायचा. मागितला नाही तर माहिती खुली धरली जाते. इलिनॉय: ५ कामाचे दिवस, पहिली ५० काळी-पांढरी पानं फुकट, पुढे पानाला १५ सेंट, आणि मुदत चुकवून नंतर कागद दिले तर फी घेता येत नाही. न्यू जर्सी: ७ कामाचे दिवस, साध्या पानाला ५ सेंट, लीगल आकाराच्या (लांब) पानाला ७. न्यूयॉर्क: ५ कामाचे दिवस पोच द्यायला, पानाला २५ सेंटपर्यंत. जॉर्जिया: ३ कामाचे दिवस. फ्लोरिडात ठरावीक मुदतच नाही, "वाजवी वेळ", एकेरी पानाला १५ सेंट.

व्हर्जिनियात अर्जदार राज्याचा रहिवासी असावा लागतो (प्रसारमाध्यमांना वेगळी सवलत आहे). अशी अट राज्य घालू शकतं, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मॅकबर्नी खटल्यात मान्य केलं. टेनेसीतही तशीच अट. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीची फाइल हवी आणि तुम्ही औंधला बसला आहात, तर ॲशबर्नच्या मावसभावाला कामाला लावा.

आता अर्जाचा मजकूर. इंग्रजीत लिहायचा, आशय असा ठेवा:

"राज्याच्या अमुक कायद्यानुसार पुढील कागद मागतो. पार्सल क्रमांक तमुक, पत्ता तमुक. १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळातल्या नियमभंगाच्या नोटिसा, तपासणी अहवाल, त्यांसोबतची छायाचित्रं, आणि त्यावर विभागाने मालकाला पाठवलेली पत्रं. कागद ज्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आहेत त्याच स्वरूपात ईमेलने द्यावेत. खर्च २५ डॉलरच्या वर जाणार असेल तर आधी अंदाज कळवावा. काही भाग वगळायचा असल्यास त्याचं कलम लिहावं आणि उरलेला भाग द्यावा. कागद जसे तयार होतील तसे टप्प्याटप्प्याने पाठवले तरी चालतील."

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. "ज्या स्वरूपात आहेत" म्हटलं नाही तर एक्सेलचा तक्ता छापून, स्कॅन करून, तिरका पीडीएफ येतो. पैशाची मर्यादा लिहिली नाही तर काम होऊन बिल येतं. कलम मागितलं नाही तर काळ्या पट्ट्या का मारल्या ते कळत नाही, आणि मग अपील कशावर करणार?

प्रश्न विचारू नका. "या प्लॉटला परवानगी का दिली?" याला उत्तर द्यायला कार्यालय बांधील नाही. "परवानगीच्या फाइलमधला कर्मचारी अहवाल" मागा, त्यात का ते लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या माहिती अधिकाराची सवय असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथेही "का" विचारलं की अर्ज परत. महाराष्ट्राच्या नियमांतली १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा मात्र इथे नाही. तरी एका अर्जात एकच विषय ठेवा. पाच विषय घातले तर सगळ्यात रेंगाळणाऱ्या विभागाच्या चालीने सगळे चालतात.

ईमेल मागताना कोणी, कोणाला, कुठल्या तारखांत, कुठले शब्द, हे चारही लिहा. नुसतं "या प्रकल्पाविषयीचे सर्व ईमेल" म्हटलं की हजारो निघतात, वकील एकेक वाचतो, आणि उत्तर लांबत जातं.

झुणका_इन_जर्सी

पोर्टलबद्दल जोडतो. बऱ्याच काउंट्या नेक्स्टरिक्वेस्ट किंवा गव्हक्यूए वापरतात. "नेमकं काय हवं ते स्पष्ट करा" असा निरोप येतो, तो स्पॅममध्ये जातो, आणि उत्तर नाही म्हणून अर्ज बंद होतो. दर तीन दिवसांनी लॉगिन करून बघा. नेक्स्टरिक्वेस्टवर इतरांचे आधीचे अर्ज आणि त्यांना दिलेले कागद पुष्कळदा जाहीर असतात. आधी तिथे शोधा, तुमचाच कागद आयता मिळून जाईल. आणि त्याच न्यायाने तुमचा अर्जही जाहीर कागद आहे. शेजाऱ्याविषयी मनातलं सगळं त्यात लिहू नका.

टोपलीभर_प्रश्न

वाचनखूण साठवली. नकार आला तर पुढे? आणि घराचे मूळ नकाशे (आर्किटेक्टचे) मागता येतात का?

शाईचा_डाग

नकार राज्यागणिक. न्यूयॉर्क: ३० दिवसांत त्याच संस्थेच्या अपील अधिकाऱ्याकडे. इलिनॉय: ६० दिवसांत अॅटर्नी जनरलच्या पब्लिक अॅक्सेस काउन्सेलरकडे, फुकट. पेनसिल्व्हेनिया: १५ कामाच्या दिवसांत ऑफिस ऑफ ओपन रेकॉर्ड्सकडे. न्यू जर्सी: गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स काउन्सिल किंवा कोर्ट. कॅलिफोर्नियात मधली पायरीच नाही, थेट सुपीरियर कोर्ट. म्हणून तिथे आधी काउंटी कौन्सेलच्या, म्हणजे काउंटीच्या वकिलाच्या कार्यालयाला कलम विचारणारं शांत पत्र लिहा. अर्ध्या वेळा नकार खालच्या टेबलावर सवयीने दिलेला असतो.

नकाशे: कॅलिफोर्नियात बांधकाम विभागात जाऊन बघता येतात, पण नक्कल हवी तर आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर आणि मालक यांची लेखी परवानगी लागते. विभाग त्यांना पत्र पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. इतरत्रही आधी "फक्त पाहायला" वेळ मागा, हव्या त्या पानांचे क्रमांक लिहून घ्या. परवानगीचा कागद, तपासणीची कार्डं आणि अंतिम मंजुरी यांना ही अट नाही, त्या आधीच मागून ठेवा.

कुंपणापलीकडे

टपालाने मागवणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट राहिली. नकलेची फी पानांवर असते आणि पानं किती हे सूचीत लिहिलेलं असतं. तेवढीच रक्कम, अधिक प्रमाणनाची फी, मनीऑर्डरने पाठवा. फ्लोरिडात ते पानाला १ डॉलर आणि प्रमाणनाला २. आपला पत्ता आणि तिकीट लावलेलं मोठं पाकीट आत घाला. छोट्या काउंटीत ते नसेल तर अर्ज टेबलावर पडून राहतो आणि कोणी कळवतही नाही.